रक्तात रेटिनाविरोधी अँटीबॉडी जास्त निघाल्या, म्हणजे नजर लवकर जाणार का?

तुम्ही लिहिलंय, आईंना ऑटोइम्यून रेटिनोपॅथी (शरीराची प्रतिकारशक्ती डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, उलटते तो आजार) असावी असं डॉक्टर म्हणतात, रिपोर्टमध्ये चार अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्यात आणि त्या आकड्याने घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. मी रेटिनाची ईआरजी चाचणी करते, म्हणजे प्रकाशाला रेटिना विजेचा किती प्रतिसाद देतो ते मोजते. या आजाराचे रुग्ण फार कमी येतात, पण आले की बहुतेकजण हाच कागद आधी पुढे करतात.

अँटीबॉडींच्या संख्येवरून नजरेचं भविष्य सांगता येत नाही. या अँटीबॉडी अगदी ठणठणीत माणसांच्या रक्तातही सापडतात, रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या आनुवंशिक आजारातही सापडतात. एकच नमुना दोन प्रयोगशाळांकडे पाठवला तर निकाल जुळतीलच याची खात्री नाही. रिपोर्टमध्ये ४६ केडीए (केडीए हे प्रथिनाचं वजन मोजायचं एकक) लिहिलं असेल तर तो बहुधा अल्फा-एनोलेज. हे प्रथिन शरीरात जवळपास सगळीकडे असतं, त्यामुळे नुसत्या त्या ओळीवरून फार काही ठरत नाही. २३ केडीए, म्हणजे रिकव्हरिन, मात्र मी गंभीरपणे घेते. ते मुख्यतः प्रकाश टिपणाऱ्या पेशींमध्येच असतं आणि त्याविरुद्धची अँटीबॉडी कर्करोगाशी, विशेषतः फुफ्फुसाच्या स्मॉल सेल प्रकाराशी, जोडलेली आहे. अशा रुग्णांची नजर झपाट्याने उतरू शकते, आणि कधीकधी डोळ्यांची तक्रार आधी येते, गाठ नंतर सापडते. म्हणून कर्करोगाची तपासणी अजून झाली नसेल तर ती लांबवू नका. अँटीबॉडी कुठलीही निघो, ही तपासणी हवीच.

आता ईआरजीबद्दल. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आईंना वीस मिनिटं पूर्ण अंधारात बसवतील, मग डोळ्याला इलेक्ट्रोड लावून प्रकाशाचे झोत देतील. स्क्रीनवर आधी खाली जाणारी 'ए' लहर दिसते, ती प्रकाश टिपणाऱ्या पेशींची. मग वर चढणारी 'बी', ती मुख्यतः पुढच्या बायपोलर पेशींमुळे. मेलॅनोमा या कर्करोगाशी जोडलेल्या प्रकारात 'ए' बऱ्यापैकी शाबूत असते आणि 'बी' चढतच नाही. ही रेघ बघताना आजार कुठल्या थरावर घाव घालतोय ते समोर दिसतं. अँटीबॉडीच्या रिपोर्टमधून ते कळत नाही.

पुढे नजर किती राहील हे बरंचसं उपचार सुरू होताना किती पेशी जिवंत आहेत यावर अवलंबून असतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे स्टेरॉइड, मायकोफेनोलेट, आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी अँटीबॉडी) किंवा रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांपैकी काहीही दिलं तरी बहुतेकदा हेतू आहे ते टिकवण्याचा असतो. काहींना थोडी सुधारणा होते, काहींची नजर उपचारानंतरही घसरते. कोणाला काय लागू पडेल हे आधी सांगणारी चाचणी आज नाही, हे मला मनापासून खटकतं.

आणखी एक. तक्ता वाचताना ६/६ येतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. मधली नजर शाबूत राहून बाजूची आक्रसत जाते, चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागतो. ते फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणाऱ्या चाचणीत, पकडलं जातं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: मागच्या वेळेपेक्षा फील्ड किती बदललं, ओसीटीमध्ये (रेटिनाचे थर दाखवणारा स्कॅन) एलिप्सॉइड झोनची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या थराची, रेघ कुठवर सलग आहे, ईआरजी पुन्हा कधी करायची आणि आनुवंशिक आजार नाही ना हे जनुकीय तपासणीने पाहिलंय का. जुने रिपोर्ट आणि स्कॅन सोबत न्या, म्हणजे तुलना करता येईल.