लग्नात लहान मुलांना कोणती कामं द्यावीत? (वय ३ ते १३, मुलं नऊ)

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, घरात ३ ते १३ वयाची नऊ चुलत-मावस भावंडं आहेत, आणि सिनेमात दिसतं तसं कुणी अंगठीची उशी घेऊन यावं, कुणी फुलं उधळत पुढे चालावं असं करावं का, की आपल्या पद्धतीत मुलांसाठी काही आहे.

आपल्या पद्धतीत भरपूर आहे, म्हणून बाहेरून आणू नका. अंगठीची उशी धरून चालणाऱ्या मुलाकडे लोक दोन मिनिटं कौतुकाने बघतात आणि त्याचं काम संपतं. आपल्याकडे काही विधी मुलांच्या हातावर अडतात: भावाने लाह्या घातल्या नाहीत तर लाजाहोम पुढे जात नाही, करवली आली नाही तर नवरीमागची जागा रिकामी दिसते. आपल्यावाचून काम अडणार आहे हे मुलाला कळलं की ते आपोआप सरळ उभं राहतं. म्हणून नुसतं मिरवण्यापेक्षा खरं काम द्या.

सुरुवात लग्नाच्या आठ दिवस आधी अक्षतांपासून करा. अक्षत म्हणजे न तुटलेला, तेव्हा तांदूळ ताटात पसरून तुकडा निवडून काढायचं काम पाच वर्षांच्या मुलालाही जमतं. ३०० पाहुण्यांना दोन किलो तांदूळ आणि दीड-दोन किलो झेंडू-गुलाबाच्या सुट्या पाकळ्या पुरतात. पाकळ्या मिसळल्या की अन्नही कमी वाया जातं. किलोभर तांदळाला चार-पाच चमचे पाणी शिंपडून दोन चमचे कुंकू चोळायचं आणि कागदावर, सावलीत, पूर्ण कोरडं होईपर्यंत ठेवायचं. ओल राहिली तर रंग पाहुण्यांच्या तळहातांना आणि पांढऱ्या सदऱ्यांना लागतो. पाकळ्या मात्र त्याच दिवशी सकाळी मिसळा, आदल्या रात्री मिसळल्या तर काळ्या पडतात आणि तांदूळ पुन्हा ओला होतो.

अक्षता वाटायला सहा ते दहा वयाची चार मुलं ठेवा. दोघं मागच्या खुर्च्यांपासून पुढे, दोघं पुढून मागे. सगळी पुढूनच निघाली तर मागच्या दहा रांगांना पहिलं मंगलाष्टक संपेपर्यंत काहीच मिळत नाही. वाटप मुहूर्ताच्या पंधरा मिनिटं आधी सुरू व्हायला हवं. बरेच लोक हातातल्या अक्षता पहिल्या दोन ‘सावधान’लाच उधळून मोकळे होतात, म्हणून चौथा हिस्सा राखून ठेवा आणि तिसऱ्या मंगलाष्टकानंतर मुलांना दुसरी फेरी मारायला सांगा. अक्षता नेम धरून मारायच्या नाहीत, तळहात वर करून हळू उडवायच्या, हे घरी एकदा करून दाखवा. नवरा-नवरीच्या डोळ्यात तांदूळ जातो तो बहुतेक वेळा पुढच्या रांगेतल्या उत्साही मुलांमुळेच.

करवलीचं काम मानाचं आहे, पण त्यातला वजनाचा भाग कुणी लक्षात घेत नाही. पाण्याने भरलेला पितळी तांब्या, आंब्याची पानं आणि वर नारळ मिळून सहज दोन किलो होतात, आणि मंगलाष्टकं वीस मिनिटं चालली तर आठ वर्षांच्या मुलीचे हात थरथरायला लागतात. मग नारळ घसरतो, किंवा ती तांब्या पोटावर टेकवते आणि परकर भिजतो. उपाय सोपा आहे: लहान तांब्या, निम्मंच पाणी, मुठीएवढा नारळ, आणि शेजारी दुसरी करवली, म्हणजे तीन-तीन मंगलाष्टकांनी अदलाबदल करता येते. घरात दोन मुलींची ‘मीच करवली’ म्हणून भांडणं चालली असतील तर तीही इथेच मिटतात. हातात पेटता दिवा द्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर दहा वर्षांखालच्या मुलीला तो देऊ नका. समोर नवरीचा पदर आणि गजरे असतात, मुलीच्या अंगावर जाळीचा कृत्रिम धाग्याचा घागरा असतो, आणि असं कापड एकदा पेटलं की विझवायला वेळ देत नाही. दिवा मोठ्या करवलीकडे, कऱ्हा म्हणजे पाण्याचा तांब्या लहानीकडे.

गाणाऱ्या मुलांसाठी मंगलाष्टक. यावर जरा थांबतो, कारण इथे सगळ्यात छान काही करता येतं आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच होते. मंगलाष्टकं सहसा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात: एका ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, मग उरलेली सात. ‘आली मंगल वेळ ही, मिळुनिया | सारे उभे सोयरे’ अशी चाल. आता ‘कुर्यात् सदा मंगलम्’ मोजून बघा: बरोबर सात अक्षरं, म्हणजे चौथ्या ओळीचा थांब्यानंतरचा तुकडा. त्यामुळे मोठी मावशी कडवं म्हणेल आणि थांबा आला की सगळी मुलं एका सुरात ‘कुर्यात् सदा मंगलम्’ उचलतील, असं बसवता येतं. चार वर्षांचं पोरही हे तीन दिवसांत शिकतं. अकरा-बारा वर्षांची मुलगी पूर्ण कडवं एकटी म्हणू शकते. तिच्यासाठी नवं लिहिणार असाल तर दोन्हीकडच्या आज्यांची नावं त्यात बसवा, पण अक्षरं मोजून. नाव वृत्तात बसत नसेल तर ओढूनताणून कोंबू नका. मूल नेमकं तिथेच अडखळतं.

चूक होते ती क्रमात. मुहूर्ताची वेळ ठरलेली असते आणि गुरुजी शेवटची मंगलाष्टकं कमी-जास्त करून ती साधतात. मुलांचं कडवं शेवटी ठेवलं की एक तर ते गाळलं जातं आणि मूल रडतं, नाही तर घाईत म्हटलं जातं. म्हणून मुलांचं पहिलं किंवा दुसरं ठेवा आणि गुरुजींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. माइक स्टँडवरून काढून मुलाच्या हातात द्या आणि कागद मोठ्या अक्षरात, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून द्या, कारण पंख्याखाली साधा कागद उडतो.

नवरीच्या लहान भावाला दोन कामं. लाजाहोमात तो बहिणीच्या ओंजळीत साळीच्या लाह्या घालतो. पाव किलो लाह्या पुष्कळ होतात. वाण्याकडे नुसतं ‘लाह्या द्या’ म्हणू नका, मक्याच्या किंवा ज्वारीच्या येतात. त्याला धुराच्या उलट बाजूला बसवा, उपरणं काढून ठेवा आणि बाह्या सैल असतील तर दुमडा. ओंजळ होमाच्या जवळ असते, तेव्हा त्याने मागून हात घालून लाह्या सोडायच्या, वाकून नाही. दुसरं काम कानपिळीचं. नवरदेवाच्या कानात भिकबाळी असेल तर दुसरा कान धरायला सांगा; मोती असलेल्या कानाला हिसका बसला तर भर मांडवात रक्त येतं. सख्खा भाऊ नसेल तर चुलत-मामे भाऊ चालतो, आणि बहिणीने लाह्या घातल्या, कान पिळला तरी माझ्या मते काही बिघडत नाही. फक्त गुरुजींशी आणि व्याह्यांशी आधी बोलून घ्या, मांडवात चर्चा नको.

सप्तपदीच्या सात पुंजक्यांसाठी सात मुलं मिळाली तर याहून सुरेख काही नाही. प्रत्येकाने मूठभर तांदळाची रास करायची आणि वर एक सुपारी ठेवायची. मुलं स्वतःच्या अंदाजाने राशी दोन-दोन फुटांवर घालतात आणि मग शालूतल्या नवरीला तेवढं पाऊल टाकता येत नाही. जमिनीवर खडूने सात खुणा आधीच करा, एक फुटाच्या आसपास अंतर ठेवून. ज्या मुलाला पाढे येतात त्याने गुरुजींच्या मागोमाग मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ मोजलं तर मागच्या पाहुण्यांनाही काय चाललंय ते कळतं. राशी होम सुरू व्हायच्या आत घालून होऊ द्या, नाही तर होमाजवळ सात मुलांची रेटारेटी होते.

बुजऱ्या मुलाला स्टेजवर ढकलू नका. त्याच्यासाठी गौरीहराजवळची जागा आहे. मुहूर्ताआधी नवरी तिथे शांतपणे बसून गौरीपुढे थोड्या थोड्या अक्षता वाहत असते. वाटी धरून शेजारी बसायचं, संपल्या की भरायच्या. गर्दी नाही, कॅमेरे कमी, आणि ताईजवळ बसायला मिळतं. रुखवताचं टेबलही अशाच मुलांना शोभतं: कुठली वस्तू कुणी केली याच्या चिठ्ठ्या त्यांच्या अक्षरात लिहून घ्या आणि विहीणबाई बघायला आल्या की त्यांनीच वाचून दाखवाव्यात.

स्वागताला अत्तर आणि गुलाबदाणी मुलांच्या हातात द्यायला हरकत नाही. अत्तर पाहुण्याच्या हाताच्या पाठीवर लावायचं, कपड्याला नाही, रेशमावर तेलाचा डाग पडतो. गुलाबदाणी निम्मीच भरा आणि एकच झटका शिकवा. वीस मिनिटांनी जोडी बदला, त्यापुढे मुलं एकमेकांवर गुलाबपाणी उडवायला लागतात. हॉलमध्ये पंगत असेल तर मीठ, लिंबू आणि पानाभोवतीची रांगोळी मुलांची. वरण, तूप, जिलबी मोठ्यांची.

जोडे पळवायचा कार्यक्रम मुलांना सगळ्यात आवडतो, आणि भांडणाला निमित्तही तोच होतो. नवरदेवाच्या मोजडीचा फोटो आधी काढून ठेवा, नाही तर मुलं भलत्याचीच चप्पल लपवतात आणि एखादे वयस्कर पाहुणे अनवाणी हिंडतात. लपवायची जागा हॉलच्या आतच हवी आणि एका मोठ्या माणसाला ती माहीत हवी. रक्कम दोन्हीकडच्यांनी आधी ठरवून ठेवावी. आणि हे खरंच करा: वरपक्षाच्या मुलांनाही काम द्या. मोजडीची राखण त्यांच्याकडे, नव्या घरी दार अडवून नवरीला नाव घ्यायला लावायचं त्यांच्याकडे. एका बाजूची मुलं मिरवतात आणि दुसऱ्या बाजूची नुसती बघत बसतात, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही, मुलांच्या येतं.

३ ते ५ वयाच्या मुलांना एकटं कुठलंच काम देऊ नका, प्रत्येकाला मोठ्या भावंडाशी जोडा. ऐन वेळी छोटं ‘नाही’ म्हणालं तर जोडीदार काम उरकतो आणि कुणी कुणाला ओरडत नाही. सगळ्यांना मुहूर्ताच्या तासभर आधी पोटभर खायला घाला, कोरडं: इडली, थालीपीठ, केळं. गोरज मुहूर्त असेल तर दुपारी झोपवाच. धोतर शिवलेलं, इलॅस्टिकचं घ्या, कारण नेसवलेलं धोतर मूल शौचालयात एकटं सोडवू शकत नाही. फेटा अर्धा तासच आधी बांधा. दोन तास बांधून ठेवला की कपाळावर वळ उठतात आणि नेमकं फोटोच्या वेळी मूल तो उपटून टाकतं.

मानाची पाकिटं सगळ्यांना सारखी. करवलीला नवा ड्रेस आणि अक्षता वाटणाऱ्याला चॉकलेट असं केलं तर पुढच्या लग्नात अक्षता वाटायला कुणी उठणार नाही.

राहिली तेरा वर्षांची थोरली. तिला पाठराखीण करा. नव्या घरी पहिल्या रात्री बहिणीसोबत कुणी तरी आपलं हवं, आणि त्या वयाच्या मुलीला ही जबाबदारी पेलते. सासरच्यांना आठवडाभर आधी कळवा म्हणजे तिच्या झोपायची सोय होते. तिची पिशवी वेगळी भरा: रात्रीचे सुती कपडे, ब्रश, फोनचा चार्जर, घरचे दोन नंबर कागदावर लिहून, आणि बहिणीसाठी सेफ्टी पिना, केसातल्या पिना काढून ठेवायला एक डबी, डोकेदुखीची नेहमीची गोळी. रात्री अंबाडा सोडताना चाळीस-पन्नास पिना निघतात आणि तेव्हा नवरीला दुसऱ्या कुणाचे हात नको असतात.