अमेरिकेत पोलिसांनी अटक करताना हक्क वाचून दाखवले नाहीत, तर आरोपी सुटतो का?

नाही हो, सुटत नाही. हा समज सिनेमांनी पसरवलाय. हक्क न सांगता चौकशी केली, तर त्या चौकशीतलं बोलणं सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करायला वापरता येत नाही, एवढंच. बाकी पुरावा असेल तर खटला चालतो.

ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, त्या अर्नेस्टो मिरांडाचंच बघा. 1963 मध्ये फिनिक्स पोलिसांनी त्याला अपहरण आणि बलात्काराच्या प्रकरणात उचललं आणि दोनेक तासांत लेखी कबुली घेतली. त्या कागदावर आधीच टाइप केलेला मजकूर होता : ‘माझे हक्क पूर्ण जाणून हा जबाब देत आहे.’ प्रत्यक्षात वकिलाचा हक्क त्याला कुणी सांगितलाच नव्हता. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी शिक्षा रद्द केली. पण पठ्ठ्या सुटला नाही. कबुली बाजूला ठेवून पुन्हा खटला चालला, पूर्वी त्याच्यासोबत राहणाऱ्या बाईने साक्ष दिली आणि 1967 मध्ये तो परत दोषी ठरला.

मी इथे फौजदारी वकिली करतो. आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालतच नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25, आता साक्ष्य अधिनियमाचं 23. (मकोकासारखे अपवाद आहेत, तो वेगळा विषय.) तिकडे ती चालते, म्हणून हक्क सांगणाऱ्या त्या चार वाक्यांना (गप्प राहू शकतोस, बोललास तर ते कोर्टात तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, वकील मागू शकतोस, पैसे नसतील तर वकील दिला जाईल) एवढं महत्त्व. ती वाक्यंही ताब्यात घेऊन प्रश्न विचारायचे असतील तरच सांगावी लागतात. हायवेवर गाडी थांबवून ‘किती स्पीड होता?’ विचारलं, तर सहसा नाही.

तुमचा भाचा तिकडे शिकायला जातोय म्हणता, तर त्याला एक नक्की सांगा : नुसतं गप्प बसून भागत नाही. थॉम्पकिन्स नावाचा खुनाचा आरोपी चौकशीत जवळपास तीन तास जवळजवळ काहीच बोलला नाही. शेवटी पोलिसाने विचारलं, त्या मुलाला गोळी घातल्याबद्दल देवाकडे क्षमा मागतोस का? तो ‘हो’ म्हणाला. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ‘हो’ ग्राह्य धरलं, कारण गप्प राहण्याचा हक्क वापरतोय असं तो तोंडाने म्हणालाच नव्हता. तेव्हा ‘मला वकील हवा, तोवर मी बोलणार नाही’ हे स्पष्ट म्हणायचं. स्टुडंट व्हिसावर असला तरी हा हक्क त्याला आहे. गाडी चालवताना लायसन्स मागितलं तर मात्र मुकाट्याने काढून द्यायचं.