कार्डावर दोनदा पैसे भरले गेले, आता काय?

प्रश्न: माझ्या क्रेडिट कार्डाचं बिल १८,६४० रुपये होतं. पुण्यातल्या मुलाने ते यूपीआयने भरलं आणि दोन दिवसांनी माझ्या खात्यातूनही ऑटो डेबिटने तेवढीच रक्कम गेली. ॲपमध्ये आता उणे १८,६४० दिसतंय. मी बँकेचा देणेकरी झालो की काय? पैसे बुडाले का? – एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर: सर, जिवाला घोर लावून घेऊ नका. बचत खात्यात उणे म्हणजे आपलं देणं, पण कार्डाच्या हिशेबात आकडा आपल्या थकबाकीचा असतो. तो उणे झाला म्हणजे बँक तुमचं देणं लागते. मी बरीच वर्षं बँकेच्या कार्ड विभागात होते. असे घाबरलेले फोन रोज यायचे, आणि त्यातले बहुतेक पेन्शनवर घर चालवणाऱ्यांचे असायचे.

काहीच केलं नाहीत तरी ही रक्कम पुढच्या खर्चात वळती होत राहील. समजा पुढच्या महिन्यात ६,००० रुपयांची औषधं आणि किराणा कार्डावर घेतला, तर भरायचं काही नाही, आणि १२,६४० शिल्लक. मात्र कार्डावर हप्त्याने काही घेतलं असेल, तर यातून फक्त त्या महिन्याचा हप्ता जाईल. उरलेलं कर्ज आपोआप फिटणार नाही.

पण तुमच्या जागी मी पैसे परत मागेन. या रकमेवर व्याज मिळत नाही, आणि पेन्शनीतले अठरा हजार महिनोन् महिने असे अडकून का ठेवायचे? रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत, कार्ड खात्यातली जमा रक्कम ग्राहकाने मागितली तर विनंती मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत त्याच्या बँक खात्यात वळवावी, असं म्हटलं आहे. हा नियम मुळात रद्द झालेल्या तिकिटाच्या किंवा परत केलेल्या वस्तूच्या पैशांच्या संदर्भात येतो, तरी अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल पाठवाच. दोन्ही भरण्यांच्या तारखा, मुलाच्या यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पासबुकातली नोंद जोडा.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका: हे पैसे कार्ड एटीएममध्ये घालून काढू नका. पैसे तुमचेच असले तरी तो व्यवहार कार्डावरून रोख काढल्याचा धरला जाऊन शुल्क लागू शकतं.

आणि मुलाला सांगा, ऑटो डेबिट चालू असेपर्यंत हाताने भरू नकोस. खात्यातून पैसे कापायची सूचना बऱ्याचदा आधीच पुढे गेलेली असते, म्हणून मध्येच भरलेले पैसे तिला थांबवत नाहीत.

लेखी तक्रारीला बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला एक पैसाही लागत नाही.