इंग्लंडचा स्पाउस व्हिसा: वकिलाला पैसे कशाचे द्यायचे

वयाने बरीच लहान दिसतेस म्हणून सरळ ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस.

तुझं म्हणणं थोडक्यात असं: डिसेंबरात लग्न, मग स्पाउस व्हिसावर, म्हणजे बायको म्हणून, इंग्लंडला जायचंय. नवरा मुलगा लेस्टरला, आयएलआर (तिथे कायम राहण्याची परवानगी) झालेला, पगार ३१ हजार पौंड, पण नोकरी तीनच महिन्यांपूर्वी बदललेली. २०२२ मध्ये तुझा स्टुडंट व्हिसा नाकारला होता. पुण्यातला एजंट दीड लाखात ‘व्हिसा हमखास’ म्हणतोय, सासरचे म्हणतात आमच्या ओळखीचा सॉलिसिटर (तिकडचा वकील) घ्या. आणि तू एकुलती एक, त्यामुळे पुढेमागे आईला तिकडे न्यायचंय. तर वकील करावा का?

करावा, पण सगळ्या कामाला नको. एजंट मात्र अजिबात नको.

मी २०१७ मध्ये साताऱ्याहून इकडे इंग्लंडात स्लाऊला आले. तेव्हा आम्हीही एजंटच गाठला होता. त्याने फॉर्म भरला, फी घेतली आणि ‘ताई, तुम्ही निर्धास्त राहा’ म्हणाला. माझा २०१४ चा एक व्हिजिट व्हिसा नाकारलेला होता. अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री सहज म्हणून मी फॉर्मची पीडीएफ मागून घेतली, तर ‘पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असं ठोकून दिलेलं. विचारलं तर म्हणाला, जुनं कशाला उकरायचं. अगं, जुनं उकरायला त्यांना काही कष्ट पडत नाहीत, तुझा पासपोर्ट नंबर टाकला की सगळं समोर येतं. नुसत्या नकाराने स्पाउस व्हिसा अडत नाही, त्याचं कारण नीट सांगितलं की भागतं. पण लपवलंस तर तो खोटेपणा ठरतो, आणि तसा ठपका बसला की पुढे साध्या व्हिजिट व्हिसालाही दहा वर्षांपर्यंत अटकाव होऊ शकतो. फॉर्म कुणीही भरो, डिक्लरेशन तुझं असतं. एजंटाला तिथे कुणी विचारत नाही.

ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला कुणीही उठून देऊ शकत नाही. १९९९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. एक तर सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर हवा, नाही तर इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार. (हिलाच जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी म्हणत, जुने लोक अजून तेच म्हणतात.) दोघांच्याही याद्या नेटवर फुकट बघता येतात, नाव टाकलं की कळतं. सल्लागारांच्या तीन पातळ्या असतात: पहिलीवाला सरळसोट अर्ज करतो, दुसरीवाला गुंतागुंतीचे, आणि ट्रायब्युनलपुढे (अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे) उभं राहायला तिसरीवाला लागतो. पुण्यातल्या एजंटावर यातल्या कुणाचाच अंकुश नाही. बोर्डावर ‘सरकारमान्य’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा परदेशी नोकरभरतीच्या परवान्याबद्दल असतं, त्याचा बायकोच्या व्हिसाशी संबंध नाही. आणि ‘हमखास’ हा शब्द ऐकला की तिथून उठायचं, कारण निकाल होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं गृहखातं, देतं.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. तुझ्या प्रकरणात दोनच गाठी आहेत, त्यातली पहिली पगाराची. ११ एप्रिल २०२४ पासून पार्टनरला आणायचं तर वर्षाला किमान २९ हजार पौंड उत्पन्न दाखवावं लागतं, आधी ते १८,६०० होतं. ३१ हजार म्हटल्यावर तुला वाटलं सुटलो. पण त्याच नोकरीत सहा महिने झालेले असले तर काम सोपं: सहा महिन्यांच्या पेस्लिपा, त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंटं, कंपनीचं पत्र. सहा महिने झाले नसतील तर दुसरा नियम लागतो. मग आत्ताचा पगार तर २९ हजार लागतोच, शिवाय मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष तेवढी कमाई झालेली दाखवावी लागते. त्याचा आधीच्या नोकरीतला पगार २६ हजार असेल तर इथेच माती खाशील. म्हणून लग्न झाल्या झाल्या अर्ज टाकायची घाई करू नका, सहावी पेस्लिप हातात येऊ दे. कागदांची शेवटची तारीख अर्जाच्या आधी २८ दिवसांच्या आतली लागते, तेव्हा कागद जमवून महिनाभर ‘चांगला मुहूर्त’ बघत बसू नका. पेस्लिपवर जो आकडा आहे तोच खात्यात जमा झालेला दिसला पाहिजे. माझ्या नवऱ्याच्या एका महिन्याच्या पगारात ४२ पौंडांचा फरक होता, तेवढ्यासाठी कंपनीकडून वेगळं पत्र आणावं लागलं.

(नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर असता तर हे २९ हजारांचं गणित लागलं नसतं, तू डिपेंडंट म्हणून गेली असतीस. मैत्रिणींचे अनुभव वाचताना आधी त्यांच्या नवऱ्याचा व्हिसा कुठला ते विचार. अर्धा गोंधळ तिथेच असतो.)

दुसरी गाठ तुझ्या नकाराची. ते २०२२ चं पत्र शोधून काढ. ‘पैशाचे पुरावे अपुरे’ असं कारण असेल तर दोन ओळींत सांगता येतं. कागद खोटा असल्याचा संशय लिहिला असेल तर मात्र पूर्ण काम सॉलिसिटरलाच दे. हे पत्र आणि पगाराचे कागद घेऊन तासाभराचा सल्ला घ्या, तोही व्हिडिओ कॉलवर मिळतो. तयार फाइल पाठवण्याआधी एकदा तपासून द्यायचे वेगळे पैसे घेतात, तेही द्या. पूर्ण प्रकरणाला सॉलिसिटरचे तुला १,८०० पौंड सांगितलेत, या दोन गोष्टी त्याच्या बऱ्याच खाली बसतील. फिक्स्ड फी आहे का आणि त्यात व्हॅट धरलाय का, हे आधी लेखी घे.

बाकीचं तुमचं तुम्हाला जमेल. टीबीची तपासणी ठरावीक क्लिनिकमध्येच होते, सर्टिफिकेट सहा महिने चालतं. इंग्रजीसाठी ए-वन (A1), म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची तोंडी परीक्षा, ती देऊन टाक. डिग्री इंग्रजीतून झाल्याचं सिद्ध करत बसण्यापेक्षा सोपं पडतं. फी ब्रिटनबाहेरून अर्ज करताना एप्रिल २०२५ ला १,९३८ पौंड झाली, आणि ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे) ३,१०५ पौंड. व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत मिळतो, फी गेलीच.

आपल्याकडचा खास घोळ नावांचा. पासपोर्टवर तुझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. विवाह नोंदणी दाखल्यावर नवं. आधारवर तिसरंच. पासपोर्ट बदलून मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. अर्ज पासपोर्टवरच्या नावाने कर आणि ‘इतर नावे’ मध्ये बाकीची सगळी लिही. माझ्या आत्तेबहिणीचं ‘कुलकर्णी’ तीन कागदांवर तीन स्पेलिंगांत होतं, तिने तहसीलमधून ॲफिडेव्हिट करून जोडलं. मराठीतला प्रत्येक कागद पूर्ण भाषांतर करून, खाली भाषांतरकाराची सही, तारीख आणि पत्ता घेऊन दे. आणि व्हॉट्सॲप चॅटची चारशे पानं छापू नकोस. ठरवून झालेलं लग्न त्यांना नवीन नाही. साखरपुड्यापासूनचे फोटो, तिकिटं आणि महिन्याला एकदोन स्क्रीनशॉट पुरे.

सासरच्या सॉलिसिटरबद्दल. तो वाईट असेलच असं नाही. पण अर्जदार तू आहेस, तेव्हा अर्जाचं खातं तुझ्या ईमेलवर उघड, पासवर्ड तुझ्याकडे ठेव, आणि सॉलिसिटरच्या पत्रात क्लायंट म्हणून तुझं नाव आहे का बघ. हे संशयाने सांगत नाही. पण इथे अशा मुली बघितल्यात ज्यांचा पासपोर्ट सासूच्या कपाटात असतो आणि ‘परत पाठवून देऊ’ ऐकत दिवस काढतात. कायद्यात तसं नाही. ब्रिटिश किंवा आयएलआरवाल्याची बायको म्हणून आलेल्या बाईला छळ झाला तर तीन महिन्यांची वेगळी परवानगी मागता येते, सरकारी मदत मिळते, आणि स्वतःच्या नावाने कायम राहण्याचा अर्ज करता येतो. साध्या कौटुंबिक व्हिसाला २०१३ पासून लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) जवळपास बंद आहे, या बायकांना मात्र मिळू शकते. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स, अशा बायकांना मदत करणारी इथली संस्था, हे नाव फक्त लक्षात ठेव.

नाकारलंच तर भारतातून २८ दिवसांत अपील करता येतं, सुनावणीसह १४० पौंड. कागद राहिला असेल तर बहुधा नवा अर्ज लवकर मार्गी लागतो. त्यांनी नियमच चुकीचा लावला असेल तर अपील. हा निर्णय मात्र वकिलाला विचारूनच घे.

आईचं कडू वाटेल, पण सांगते. २०१२ पासून म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं आणायचा रस्ता जवळजवळ बंदच आहे. आंघोळ, कपडे, जेवण यांनाही माणूस लागतो, आणि तसा माणूस भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे दिवसभराची बाई मिळते, तिथेच ते नाही म्हणतात. यासाठी कुणी आत्ता पैसे मागितले तर देऊ नकोस. तुझं बस्तान बसलं की आईचा व्हिजिट व्हिसा करा, एका खेपेला सहा महिने राहता येतं. पहिल्या खेपेला तीनच महिने राहून वेळेत परत जाऊ दे, मग पुढचा दोन किंवा पाच वर्षांचा मागा. आईंचा पासपोर्ट नसेल तर तो मात्र या आठवड्यातच टाका, आणि त्यांच्याही आधारवरचं नाव आधी तपासा.