प्रार्थना करूनही संकट जात नसेल तर ख्रिस्ती माणसाला आशा नक्की कुठून मिळते?

तुम्ही विचारलंय की दोन वर्ष प्रार्थना करतोय, घरातली अडचण आहे तिथेच आहे, सगळे म्हणतात विश्वास ठेव, पण बळ येत नाही, मग ख्रिस्ती लोक ते आणतात कुठून?

मी नवापूरचा, नंदुरबार जिल्हा. आमच्याकडे पोल्ट्री म्हणजे अर्ध्या गावाचं पोट. 2006 ला देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याच इथे सापडला होता, आणि 2021 च्या फेब्रुवारीत परत आला. तेव्हा माझ्या काकांचं शेड गेलं. पांढरे पीपीई किट घातलेली माणसं आली, पोत्यात भरलेल्या कोंबड्या, जेसीबीने खोदलेला खड्डा, वरून चुना, अंडी आणि खाद्य पण त्यातच. भरपाई मिळते हो, पण खाद्यवाल्याची उधारी आणि बँकेचा हप्ता भरपाईसाठी थांबत नाही. त्यात एप्रिलपर्यंत कोरोनाची दुसरी लाट, म्हणजे दुसरं काही काम शोधायचं तर तेही बंद.

त्या दिवसात एक बाहेरगावचे उपदेशक घरी येऊन काकांना म्हणाले, तपासून बघा, घरात काही लपलेलं पाप असेल. काका काही बोलले नाहीत, काकू उठून आत गेली. मला अजून त्या माणसाचा राग आहे, खरं सांगतो, कारण शेजारच्या दहा शेडमधल्या पण कोंबड्या गेल्या, त्या सगळ्यांनी मिळून पाप केलं होतं का?

आणि पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हे असलं बोलणाऱ्यांना चांगलंच झापलंय. ईयोब म्हणजे काही चूक नसताना मुलं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेला माणूस. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द नाही. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असेल सुरू झालं. शेवटी देव त्यांच्यावर चिडतो, आणि जो ईयोब पूर्ण वेळ देवाशी भांडत होता तोच माझ्याविषयी नीट बोलला असं म्हणतो.

माझ्या मते तुम्ही शोधताय ते इथेच आहे. आपल्याला वाटतं विश्वास म्हणजे हसतमुख राहायचं, सगळं चांगलंच होणार म्हणत राहायचं. पण बायबलमधल्या स्तोत्रांपैकी, म्हणजे प्रार्थना-गीतांपैकी, स्तोत्र 13 काढून बघा, सहाच ओव्या आहेत, त्यात दावीद राजा देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? कुठवर मला विसरणार? स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही, तरी ते काढून टाकलेलं नाही. येशू स्वतः वधस्तंभावर तू मला का सोडलंस असं विचारतो, तेही स्तोत्र 22 चेच शब्द. म्हणजे तक्रार करणं हा विश्वास कमी असल्याचा पुरावा नाही, तक्रार पण प्रार्थनाच आहे, फक्त ती देवाच्या पाठीमागे न करता त्याच्या तोंडावर करायची. मला तरी बळ यातून मिळालं, कारण देवासमोर नाटक करायची गरज संपली.

दुसरं म्हणजे माणसं. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, एक म्हातारी मावशी रोज संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी आणि उडदाची डाळ घेऊन यायची, काकूजवळ बसून भाजी निवडायची, जाताना दोन वाक्यांची प्रार्थना, बस. पाप-बिप काही नाही. आता काकांचं शेड परत उभं राहिलं का? नाही, त्यांनी ती जागा भाड्याने दिली आणि आता गाडी चालवतात. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही, पण त्या काळात माणूस खचला नाही हे डोळ्यांनी बघितलंय.

पंडिता रमाबाईंचं बघा. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, 1883 चा, त्यानंतर पण दुःख काही थांबलं नाही, 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पण त्याच बाईने 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आपल्या आश्रमात आणल्या. दुष्काळ म्हणजे काय हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती ना. मला हे कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त पटतं.

आता तुमच्यापुरतं सांगायचं तर आज रात्री स्तोत्र 13 मोठ्याने वाचा, आणि पुढे स्वतःच्या शब्दात जे काही साचलंय ते बोला, राग असेल तर रागाने. मंडळीतल्या एका तरी माणसाला खरं काय चाललंय ते सांगा, सगळ्यांना सांगायची गरज नाही. झोप उडाली असेल किंवा जगू नये असं वाटत असेल तर डॉक्टरकडे जा, किंवा 14416 ला फोन लावा, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यात अविश्वास वगैरे काही नाही, बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली झोपला तेव्हा देवाने पण त्याला आधी भाकर, पाणी आणि झोपच दिली होती, काम नंतर सांगितलं. आणि कोणी परत तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणालं तर त्याला ईयोबाच्या पुस्तकाचा 42 वा अध्याय वाचायला द्या आणि चहा पाजून पाठवून द्या.