वाचकांचे प्रश्न : पदवीच्या वर्गातील संशोधन प्रकल्प

पदवीच्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आणि फील्ड प्रोजेक्ट आल्यापासून त्यांविषयीची पत्रे वाढली आहेत. त्यांतील काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. आमच्या चौघींच्या गटाला ‘सांगली जिल्ह्यातील जलप्रदूषणाचा अभ्यास’ हा विषय मिळाला आहे. प्रयोगशाळेत ब्युरेट, पिपेट आणि एक जुना पीएच मीटर याखेरीज फारसे काही नाही. मागच्या बॅचचे प्रोजेक्ट चाळले, तर निम्मी पाने प्रस्तावनेची आणि बाकीची इंटरनेटवरून उतरवलेल्या तक्त्यांची. आम्ही वेगळे काय करू शकतो?
— एक विद्यार्थिनी, वाळवा तालुका

उत्तर : उपकरणांची तक्रार तूर्त बाजूला ठेवू. विषयच जिल्ह्याएवढा आहे. हे काम एखाद्या सरकारी यंत्रणेने वर्षानुवर्षे करावे असे आहे, आणि चौघीजणींनी ते एका सत्रात उरकायचे म्हटले की तक्ते उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मुखपृष्ठावरचे शीर्षक हवे तर तेच राहू द्या, पण आतला प्रश्न असा घ्या की त्याचे उत्तर तुमच्याच ब्युरेटमधून निघेल. तुमचा भाग उसाचा आणि भरपूर पाणी दिल्याने क्षारपड होत चाललेल्या जमिनींचा. तेव्हा ‘आमच्या गावात बागायती पट्ट्यातील विहिरींचे पाणी जिरायती पट्ट्यातील विहिरींपेक्षा अधिक जड आहे का?’ एवढाच प्रश्न घेतला, तरी तो तुमचा स्वतःचा असेल आणि त्याचे उत्तर कोणत्याही संकेतस्थळावर आयते मिळणार नाही.

पाण्याची दुष्फेनता, म्हणजे हाच जडपणा, मोजण्याची ईडीटीए या रसायनाची पद्धत तुम्ही प्रात्यक्षिकात केलेलीच असेल. पन्नास मिलिलिटर नमुना घ्यायचा, अमोनिया बफरने पीएच १० च्या आसपास आणायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी हे रंगदर्शक घालायचे आणि द्राक्षासवासारखा लाल रंग जाऊन निखळ निळा येईपर्यंत थेंबथेंब ईडीटीए सोडायचे. द्रावण ०.०१ मोलर असेल, तर खर्ची पडलेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी दुष्फेनता. तुमच्या ब्युरेटवरची सर्वांत बारीक खूण ०.१ मिलिलिटरची, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमची. दोन विहिरींत तीन-चार मिलिग्रॅमचा फरक दिसला आणि त्यावर तुम्ही निष्कर्ष बांधलात, तर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आलेले परीक्षक तिथेच बोट ठेवतील, आणि ठेवायलाच हवे. शंभर-दीडशेचा फरक मात्र बोलका असतो. भारतीय मानक १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची दुष्फेनता स्वीकारार्ह धरली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट दिली आहे. तुमच्या आकड्यांशेजारी या मर्यादा ठेवल्या की गावकऱ्यांनाही त्यांचा अर्थ लागेल.

नमुने घेताना बोअरची तुलना बोअरशी आणि उघड्या विहिरीची उघड्या विहिरीशीच करा, कारण काळ्या कातळात खोली बदलली की पाणीही बदलते. दोन्ही पट्ट्यांतून आठ-दहा विहिरी पुरेत. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून मग भरावी, आणि तारीख, वेळ, मोटार चालू होती की बंद, शेवटचा पाऊस कधी झाला हे विहिरीच्या काठावरच लिहून घ्यावे; घरी आल्यावर आठवून लिहिलेल्या नोंदीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. रीडिंग सुट्या कागदावर न घेता बांधीव वहीत पेनाने घ्यावे आणि चुकले तर एक रेघ मारून खाली नवे लिहावे. आणखी एक गोष्ट सुचवतो. गटातील एकजण राबते आणि चौघी सह्या करतात, हा आपल्याकडचा जुना परिपाठ आहे. तेव्हा एकाच बाटलीतले पाणी चौघींनी, एकमेकींचे आकडे न पाहता, स्वतंत्रपणे तपासावे. रंग बदलल्याचा क्षण प्रत्येकीला थोडा वेगळा दिसतो, आणि तो फरक किती हे सांगणारे पान तुमच्या अहवालातील सर्वांत प्रामाणिक पान ठरेल.

प्रश्न : बीएच्या दुसऱ्या वर्षाला इतिहास घेतला आहे. संशोधन म्हणजे विज्ञान शाखेचे काम, आपण ग्रंथालयात बसून निबंध लिहायचा, असे वर्गात सगळेच म्हणतात. हे खरे आहे का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : खरे नाही. राज्यातील विद्यापीठांसाठी २००६ पासून भरणाऱ्या ‘आविष्कार’ या संशोधन महोत्सवातही मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला यांचा विभाग स्वतंत्र आहे, आणि तिथे पदवीचे विद्यार्थीही उतरतात. चार पुस्तकांचे पाचवे करणे हे मात्र कोणत्याच शाखेत संशोधन ठरत नाही.

तुमच्या गावाचा किंवा जवळच्या मोठ्या गावाचा आठवडी बाजार घ्या. तिथे कोणत्या गावांहून कोण काय घेऊन येत असे, आणि ते येणे कधी व कशामुळे थांबले, हा प्रश्न एका सत्रात मावतो. वयस्क माणसांशी बोलताना ‘पूर्वी बाजार चांगला भरायचा ना?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ असेच येणार, आणि त्यातून तुमच्या हाती काही लागणार नाही. त्याऐवजी ‘कुंभार कुठे बसत? बैलांचा बाजार कोणत्या बाजूला होता? घोंगड्या कुठून येत?’ असे विचारा. जागा आठवली की माणसे आठवतात आणि मग भावही आठवतात. साल मात्र कोणाला सांगता येत नाही. तुमच्या भागात त्यासाठी दोन पक्क्या खुणा आहेत : १९७२ चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. ‘हे दुष्काळाआधीचे की नंतरचे?’ एवढे विचारले तरी आठवणी कालक्रमाने लागू लागतात.

नंतर त्या आठवणी कागदाशी ताडून पाहाव्या लागतील. जिल्हा गॅझेटियर आणि १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका येथून सुरुवात करा. मात्र लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीची माहिती उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या नावाखाली शोधावी लागेल. पुष्कळ विद्यार्थी ‘लातूर’ सापडत नाही म्हणून हात हलवत परत येतात. आणि १९४८ पूर्वीचा तुमचा भाग निजामाच्या राज्यात असल्याने त्या काळची दफ्तरे उर्दूतही असतात, तेव्हा उर्दू वाचणारे कोणी ओळखीचे असेल तर आत्ताच विनंती करून ठेवा. आठवण आणि कागद जुळले नाहीत, तर घाईने कोणा एकाला खोटे ठरवू नका. दोन्ही नोंदवा आणि तफावत का पडली असावी याविषयी तुमचे मत लिहा; इतिहासाच्या विद्यार्थ्याचे खरे काम तिथे सुरू होते. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी विचारावी आणि ती मुद्रणातच येऊ द्यावी.

प्रश्न : मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी आम्ही मोबाइलचा वापर आणि झोप यांवर गूगल फॉर्म भरून घेतला. मोबाइल जास्त वापरणाऱ्यांची झोप कमी असेल असे गृहीतक होते, पण तसा संबंध दिसलाच नाही. ‘थोडी रीडिंग जुळवून घ्या, नाहीतर मार्क जातील,’ असा सल्ला आम्हाला मिळाला आहे.
— तृतीय वर्ष बीएचे विद्यार्थी, नाशिक

उत्तर : जुळवू नका. तो सल्ला कोणी दिला हे तुम्ही लिहिलेले नाही, ते बरेच झाले. संबंध आढळला नाही हा निष्कर्षच आहे, आणि तो तसाच लिहायचा असतो. फक्त तो कितपत पेलतो हे तपासा. फॉर्म बहुधा तुमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला असेल. म्हणजे उत्तरे देणारे सारे एकाच वयाचे, एकाच महाविद्यालयाचे आणि जवळजवळ एकाच सवयींचे. ज्यांच्यात मुळात फरकच थोडा आहे, त्यांच्यात संबंध दिसणे अवघड. शिवाय आपण मोबाइल किती वेळ पाहतो याचा अंदाज माणसे स्वतः सांगतात तेव्हा तो हमखास चुकतो. फोनमधील स्क्रीन टाइमचा आकडा पाहून भरायला सांगितले असते तर माहिती अधिक भरवशाची झाली असती. वेळ उरला असेल तर निदान काहीजणांकडून तो आकडा घ्या आणि त्यांनी आधी दिलेल्या अंदाजाशी ताडून पाहा. व्हायवाला हे सारे तुम्ही स्वतःहून मांडलेत, तर कोणताही समंजस परीक्षक गुण कापणार नाही.

प्रश्न : मुलगी बीएस्सीच्या पाचव्या सत्रात आहे. काही हजार रुपये भरले की आठवड्यात शोधनिबंध छापून देतो आणि पुढे प्रवेशाला उपयोग होतो, असा मेल तिला आला आहे. भरावेत का? आणि चौथ्या वर्षी संशोधन घेणे सक्तीचे आहे का?
— एक पालक, रत्नागिरी

उत्तर : पैसे भरू नयेत. आठवड्यात छापून मिळणारा निबंध कोणी वाचून तपासलेला नसतो, आणि प्रवेशाच्या मुलाखतीला बसलेल्यांना ती नियतकालिके नावानिशी ठाऊक असतात. ‘आम्ही यूजीसी-केअर यादीत आहोत’ असे कोणी सांगितले तरी भुलू नका; मान्य नियतकालिकांची ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केल्याचे जाहीर केले आहे. पदवीला असताना चांगला निबंध प्रसिद्ध होतच नाही असे नाही. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा पहिला निबंध १९२८ मध्ये, ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच छापून आला होता. पण तसे झाले नाही म्हणून कोणाचे काही अडत नाही.

चौथे वर्ष सक्तीचे नाही. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते आणि त्यात संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक (क्रेडिट) असतात; नुसते ऑनर्स घेणाऱ्यांना तेवढ्याच श्रेयांकांचे इतर विषय पूर्ण करावे लागतात. तुमच्या महाविद्यालयात त्या विषयाचे मार्गदर्शक आहेत का, हे मात्र आधी विचारून घ्या. मुलीला खरोखर गोडी असेल, तर तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती किंवा मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम यांची त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर चौकशी करावी. पाठ्यवृत्तीच्या अर्जासोबत शिक्षकांचे शिफारसपत्र लागते, आणि ते शेवटच्या दिवशी मागितले तर चार ओळींचेच मिळते.