दुकानाला ॲप हवेच का?

प्रश्न : उदगीर तालुक्यात आमचे वडिलांच्या काळापासूनचे कृषी सेवा केंद्र आहे. पुण्याच्या एका कंपनीचा प्रतिनिधी नुकताच येऊन गेला. आता प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आहे, दुकानाचे स्वतःचे ॲप नसेल तर दोन हंगामांत मागे पडाल, असे त्याचे म्हणणे. खर्च अडीच लाख रुपये सांगितला आहे. मुलालाही हे पटते. काय करावे? – एक वाचक, उदगीर

उत्तर : प्रतिनिधीचे निम्मे म्हणणे खरे आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि खेडोपाडी स्मार्टफोन पोहोचले. परंतु घरात स्मार्टफोन आहे म्हणून तो आपल्या खातेदाराच्या खिशात असेलच असे नाही. पुष्कळ घरांत मोठा फोन शिकणाऱ्या मुलाकडे असतो आणि खताचा व्यवहार ठरवणारे वडील बटणांचा फोन घेऊन दुकानात येतात. म्हणून ॲपचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि आठवडाभर गल्ल्याजवळ एक वही ठेवून आलेल्या प्रत्येक फोनची नोंद करावी : कोणी केला, काय विचारले, फोन उचलला गेला का. पेरणीच्या तोंडावर बहुतेक फोन ‘डीएपी खत आले का?’, ‘अमक्या वाणाची बॅग शिल्लक आहे का?’ आणि ‘माझी बाकी किती निघते?’ याच चौकशीचे निघतील, असा माझा अंदाज आहे. यांतल्या कशालाही ॲप लागत नाही; फोन उचलणारा माणूस लागतो. जूनच्या गर्दीत काउंटरवरचा फोन वाजत राहतो आणि तो न उचलल्यामुळे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाला फोन लावते. हंगामापुरता एक मुलगा केवळ फोनसाठी बसवला, तर त्याचा पगार अडीच लाखांच्या जवळपासही जाणार नाही.

‘घरबसल्या खत मागवा’ हे ॲपवाल्यांचे आवडते वाक्य आपल्या धंद्याला फारसे लागू पडत नाही. अनुदानित खत विकताना विक्री नोंदवणाऱ्या पीओएस यंत्रावर खरेदीदाराची ओळख पटवावी लागते, म्हणजे शेतकऱ्याला दुकानाची पायरी चढावीच लागते. त्याला वाचवायची असते ती रिकाम्या हाताने होणारी खेप; आणि माल आल्याची खबर वेळेवर मिळाली, तर ती वाचते.

ही खबर देण्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे आणि त्याचे साधे ॲप फुकट मिळते. मात्र ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवण्याच्या, एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने दुकानाचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. तेव्हा बिल देतानाच क्रमांक साठवून द्यावा आणि निरोप चालतील का, हेही विचारून घ्यावे. बटणांच्या फोनवाल्यांसाठी एसएमएस आहे. घाऊक एसएमएस पाठवण्याआधी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमांनुसार दुकानाची, प्रेषक-नावाची आणि मजकुराच्या नमुन्याचीही नोंदणी करावी लागते. देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हेच मावतात, इंग्रजीत १६०. कानामात्राही स्वतंत्र मोजल्या जातात. ‘आपणांस कळविण्यात येते की’ असा पाल्हाळ लावला, तर एका निरोपाला दोन-तीन एसएमएसचे पैसे पडतील. ‘डीएपी आला आहे. आधार कार्ड आणावे.’ एवढे पुरते. बाकी वसूल करण्यासाठीही स्मार्टफोनची अट नाही, कारण मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ साध्या फोनवरही चालते.

ॲपचा खर्च अडीच लाखांवर थांबत नाही, हे चिरंजीवांना अवश्य सांगावे. ॲण्ड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या दरवर्षी येतात आणि प्ले स्टोअरवर टिकायचे तर ॲपही त्यांच्याप्रमाणे सुधारून घ्यावे लागते. पहिल्या वर्षानंतर हे काम कोण करील व किती घेईल, हे त्या प्रतिनिधीकडून लेखी मागून पाहावे. बहुधा चर्चा तिथेच आटोपेल. यात मुलाचा उत्साह मोडू नये. आपण खेड्यांतल्या लहान विक्रेत्यांना घाऊक माल देत असाल, तर तीच माणसे आठवड्याला तीच मागणी नोंदवतात, शिल्लक साठा पाहतात, उधारीचा हिशेब मागतात. रोज लागणारी गोष्ट माणूस फोनमध्ये ठेवतो. अशा व्यवहारासाठी ॲपचा विचार करण्यासारखा आहे, तोही मोबाइलवर उघडणाऱ्या एका साध्या वेबपानावर वर्षभर काम चालवून पाहिल्यानंतर.

प्रश्न : पैठणमध्ये आमचे पैठणीचे दुकान आहे. आमचे संकेतस्थळ मोबाइलवर फार सावकाश उघडते. त्यापेक्षा ॲण्ड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींसाठी ॲप करावे का? – एक वाचक, पैठण

उत्तर : करू नये. पैठणी लग्नकार्याला घेतली जाते. तेवढ्यासाठी कोणी ॲप उतरवून ठेवत नाही, आणि ॲपलकडे तर ॲप ठेवण्याच्या खात्याचे ९९ डॉलर दरवर्षी भरावे लागतात. आहे तेच संकेतस्थळ दुरुस्त करावे. कॅमेऱ्यातले फोटो जसेच्या तसे चढवलेले असतील, तर ते आकाराने लहान करून घ्यावेत. पान सावकाश उघडण्याचे कारण बहुधा तेच असते. पदराचा फोटो दिवसाच्या उजेडात काढावा आणि त्याच्या शेजारी उलट्या बाजूचाही द्यावा, कारण हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तेच पाहते. किंमत लपवू नये. फोन लावण्याचे बटण पहिल्याच पडद्यावर असावे, आणि व्हिडिओ कॉलवर साडी उलगडून दाखवायला दुकानात सकाळ-संध्याकाळ कोणीतरी मोकळे असावे.